आंबोलीचा नसलेला बेडूक

मेस्त्रीमामांकडे बेडूक घेऊन जायचं म्हणजे पोलीस चौकीत वर्दी द्यायला गेल्यासारखं वाटायचं. आणलेल्या बेडकाकडे ते आधी बघायचेच नाहीत, आणणाऱ्याकडे बघायचे. कुठे मिळाला? घरी. घरी म्हणजे पडवीत की न्हाणीत? न्हाणीत. खाली की भिंतीवर? भिंतीवर असेल तर जमिनीपासून किती, हात लावून दाखव. भिंत ओली होती का? तोंड कुठल्या बाजूला होतं? तू स्वतः बघितलास की घरच्यांनी बघून तुला सांगितलं? पहिल्या वर्षाच्या एका मुलीला या सरबत्तीत रडूच फुटलं होतं. तिने बिचारीने कौतुकाने डब्यातून आणलेला बेडूक तेवढ्यात उडी मारून फळ्यावर जाऊन चिकटला. मामांनी हात नळाखाली ओला केला, बेडूक अलगद उचलून परत डब्यात ठेवला आणि डबा तिच्यासमोर धरला.

"ह्येका घराक घेवन जा आणि जंय होतो थंयच सोड. उद्या येवन माका सांग, खंय सोडलंस ता."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि तिने सगळं सांगितलं, अगदी बालदीच्या रंगासकट. पुढे तीच मुलगी प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाली.

सीताराम मेस्त्री आमच्या विभागात प्रयोगशाळा परिचर होते. उंच, काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आणि कानावर पेन्सिल. घराणं सुतारांचं, आरोंद्याला खाडीकाठी होड्या दुरुस्त करणारं, त्यामुळे कानावरची पेन्सिल रक्तातच होती. पण तिचा उपयोग ते फक्त चिठ्ठ्या लिहायला करायचे. बरणीत जी चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलीनेच लिहायची, कारण स्पिरिटमध्ये शाई विरघळते आणि शिसं राहतं. प्रत्येक बरणीत चिठ्ठी. गाव, जागा, झाड, उंची, तारीख, वेळ, पकडणाऱ्याचं नाव. एखाद्या प्राध्यापकाने नुसताच प्राणी आणून टेबलावर ठेवला तर मामा त्याला हात लावत नसत. "जाग्याशिवाय जनावर म्हणजे नुसतो मेलेलो जीव," असं म्हणून ते बाजूला होत, आणि प्राध्यापक मुकाट्याने आठवायला बसत. मी त्या विभागात नवीन लागले तेव्हा मलाही असं दोनदा बसवलं होतं.

विभाग आता बंद होतोय. गेल्या वर्षी तीन मुलं होती, यंदा एक होता, तोही औषधाच्या दुकानात नोकरी लागली म्हणून गेला. प्राचार्यांनी सगळ्या बरण्यांची यादी करून द्यायला सांगितलीय. माझी निवृत्ती चार महिन्यांवर आली आहे आणि हे काम मी शिक्षा भोगल्यासारखं करते आहे. पंखा गरगरतो, डोळ्यांना स्पिरिट झोंबतं, आणि रोज दुपारी वाटतं की उरलेल्या बरण्यांवर चादर टाकावी आणि घरी जावं. परवा खालच्या फळीवरची ती बरणी हाती आली. तिच्यात चार बेडूक आहेत, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान, इतकी वर्षं द्रवात राहून सोललेल्या वालांसारखे पांढुरके पडलेले. आणि दोन चिठ्ठ्या आहेत, दोन्ही मामांच्या ठळक अक्षरातल्या. एकीवर आंबोली लिहिलंय, दुसरीवर आरोंदा. आंबोलीची चिठ्ठी खोटी आहे. ती खोटी आहे हे मला सहा वर्षं माहीत होतं आणि मी गप्प होते. यादी तिथेच ठेवून मी खुर्चीवर बसले. तेव्हापासून मामा डोक्यातून जात नाहीत.

बेडूक शोधण्याची त्यांची एक रीत होती. आम्ही मुलांना घेऊन आंबोलीला जायचो तेव्हा बसमधून उतरल्या उतरल्या मुलं झुडपांत घुसायची, पानं उलटीपालटी करायची, आरडाओरडा करायची. मामा रस्त्याच्या कडेला मिटलेली छत्री काखेत धरून नुसते उभे असायचे. कुठे पाणी साचतंय, कुठे वारा लागत नाही, कुठलं पान दुमडलंय, एवढंच बघायचे. मग सरळ चालत जाऊन एक पान बोटाने उचलायचे आणि खाली बेडूक असायचाच. झाडावरचे हे लहान बेडूक दिवसा झोपतात. चारी पाय पोटाखाली दुमडून, पापणी ओढून, पानाला असे चिकटतात की नवख्या माणसाला तो पानावरचा फोड वाटेल. मुलं विचारायची, मामा कळतं कसं? मामा म्हणायचे, मी बेडूक बघतच नाही, मी झोपायला जागा बघतो. स्वतःला झोप आली असती तर इथे कुठे आडवा झालो असतो, तेवढं बघायचं.

त्यांनी शिकवलेलं बरंच काही पुस्तकात नव्हतं. हाताला तंबाखू, मीठ किंवा डासांचं मलम असेल तर बेडकाला शिवायचं नाही, कारण तो कातडीने श्वास घेतो आणि कातडीनेच मरतो. बोटांच्या टोकांना ज्या चकत्या असतात त्या भिंगातून बघायच्या, त्या जितक्या रुंद तितका तो उंचावर राहणारा. मांडीची आतली बाजू बघायला विसरायचं नाही, कारण बसल्यावर ती दिसत नाही आणि रंग तिथेच लपवलेला असतो. आणि रंग लगेच लिहून घ्यायचा, कारण दिवसा फिका दिसणारा तोच बेडूक तिन्हीसांजेला काळपट होतो आणि बरणीत गेला की कुठल्याच रंगाचा उरत नाही. म्हणून बेडूक जिवंत असतानाच मामा त्याचं चित्र काढायचे. शाळकरी रंगपेटीतले रंग, पण नजर पक्की. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर तीसेक चित्रं होती. प्रत्येक बेडूक आपापल्या पानावर बसलेला, पानाच्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या नीट काढलेल्या.

आंबोलीत मात्र मामांचं चित्त लागायचं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. तिथे पावसाळ्यात धुक्यात हाताला हात दिसत नाही, धबधब्याखाली पर्यटकांचा नुसता गोंगाट, टपऱ्यांवर भज्यांचा धूर. टपरीवाले मामांना ओळखायचे, चहाचे पैसे घ्यायचे नाहीत. तरी मामा चहा उभ्यानेच प्यायचे आणि काम झालं की परतीच्या गाडीची वेळ विचारायला लागायचे. मुक्कामाला कधीच थांबले नाहीत. मुलं म्हणायची मामांना घाटाची भीती वाटते. मलाही तसंच वाटायचं, आणि त्यावरून मी त्यांची थट्टाही केली आहे. ते हसायचे आणि छत्री या काखेतून त्या काखेत घ्यायचे.

खरं काय ते कळलं एका चित्रामुळे. कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती आणि सगळ्या भिंती रंगवायच्या, चित्रं नव्याने चौकटीत घालायची ठरलं होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तीस चित्रांपैकी एकाच चित्रातला बेडूक कशावरच बसलेला नाही. खाली पान नाही, फांदी नाही, कोऱ्या कागदावर नुसता बेडूक. आणि चित्र तर आमच्या विभागाच्या सगळ्यात मानाच्या बेडकाचं. आमचे पूर्वीचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, त्यांनी हा बेडूक वेगळाच आहे, आंबोलीत सापडला आहे, असं दोन पानी टिपण एका नियतकालिकात छापलं होतं. ते टिपण व्हरांड्यात काचेखाली लावलेलं होतं. पाहुणे आले की प्राचार्य त्यांना आधी तिथे नेऊन उभे करायचे. बरणीतले ते चार बेडूक मामांनीच आणलेले होते.

मी मामांना म्हटलं, एवढं एक पान काढून टाका, समितीला बरं दिसेल. मामा हो म्हणाले. आठवडा गेला, दुसरा गेला. मी आठवण केली की ते रंग संपलेत म्हणायचे, रंग आणून दिले की ब्रश बिघडलाय म्हणायचे. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर मी जरा तडकलेच. मामा चित्र हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"बाईनु, ह्येच्या खाली पान काढूक माका जमाचा नाय. कारवीचा काढलंय तर ता खोटा होतला, आणि केवड्याचा काढलंय तर सगळा भायर पडतला."

मग त्यांनी सांगितलं. ते तेव्हा हंगामी होते. मोठ्या सरांनी त्यांना दोन दिवसांसाठी आंबोलीला बेडूक आणायला पाठवलं होतं. ते बरण्या घेऊन स्टँडवर उभे असताना आरोंद्याच्या गाडीच्या कंडक्टरने निरोप दिला की आईला बरं नाही. एक गाडी वर घाटात जाणारी, एक खाली खाडीकडे जाणारी, दोन्ही शेजारी उभ्या होत्या. मामा खालच्या गाडीत बसले. दोन दिवस आईपाशी राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं तर बरण्या रिकाम्या. घरामागे खाडीच्या बांधावर केवड्याचं बन होतं, आणि त्यात लहानपणापासून बघितलेला एक इवलासा बेडूक होता. घरात त्याला टिकटिको म्हणत, त्याच्या आवाजावरून. मामांनी त्यातले चार उचलले. गाडीत बसून चिठ्ठी लिहिली, आंबोली, कारवीच्या पानावर, जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीवर. आंबोलीच्या उतारावर सगळीकडे कारवीच असते, म्हणून कारवी.

त्यांना वाटलं होतं सर चार बेडूक बघतील आणि फळीवर ठेवून देतील. पण मोठे सर भिंग घेऊन संध्याकाळपर्यंत त्या बरणीवर वाकून बसले. असा बेडूक त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी मामांच्या पाठीवर थाप मारली, स्टाफरूममध्ये सगळ्यांना बोलावून दाखवलं. टिपण छापून आलं आणि त्याच वर्षी मामा नोकरीत कायम झाले. त्या बेडकामुळेच कायम झालो, ही त्यांच्या मनाची गाठ होती. खरंच तसं होतं की नाही, देव जाणे.

मोठ्या सरांना मी पाहिलेलं नाही. मी लागले त्याच्या आदल्या वर्षीच ते गेले. फोटोत भुवया दाट आणि ओठ मिटलेले, एकूण माणूस कडक दिसतो. मी मनात म्हटलं, असल्या माणसाकडे हंगामी परिचर रजा काय मागणार. मला मामांची कीव आली आणि मी सगळ्यात सोपं होतं ते बोलले. म्हटलं, जाऊ दे मामा, कोण जातंय बघायला बेडूक कुठला ते. ते चित्र आपण चौकटीत घालायलाच नको. मामा मान हलवून गेले. त्यांना माझ्याकडून दुसरं काहीतरी हवं होतं, हे मला त्याच वेळी कळलं होतं. पण समिती सोमवारी यायची होती आणि मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता.

त्यानंतर चारेक वर्षांनी ऋजुता आली. पुण्याची मुलगी, पाठीवर भलीमोठी पिशवी, हातात मोठ्या सरांच्या टिपणाची प्रत. ती झाडावरच्या लहान बेडकांवर संशोधन करत होती, आणि हा बेडूक त्या टिपणानंतर कोणालाच सापडलेला नाही म्हणून तिने तोच शोधायला घेतला होता. मामांनी तिला बरणी काढून दिली, दिवा धरला, भिंग पुसून दिलं. तिने चिठ्ठी वाचली आणि मामांकडे बघून म्हणाली, जुन्या संग्रहात इतकी स्वच्छ चिठ्ठी मी बघितलीच नाही, उंचीसकट लिहिलंय. मामा दिवा धरून उभे होते. त्यांनी दिवा या हातातून त्या हातात घेतला.

मला वाटलं मामा सांगतील. मामांना वाटलं असणार बाई सांगतील. आम्ही दोघांनी तिला चहा पाजला आणि ती वर आंबोलीला गेली. मी का बोलले नाही याची कारणं त्या वेळी माझ्याकडे भरपूर होती. समितीने त्या टिपणाचं कौतुक केलं होतं, प्राचार्य नवे होते, मामांना निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. आता त्यातलं एकही कारण धड उभं राहत नाही. मी कंटाळले होते आणि घाबरले होते, एवढंच.

पहिला पावसाळा तिने कारवीत काढला. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा आली, बरणी पुन्हा पाहिली. त्या वेळी मामा बाहेरच्यांशी बोलायच्या त्यांच्या नीट मराठीत म्हणाले, ताई, जरा खाली खाडीकडेही बघा, केवड्यात. बरणीवरची नजर त्यांनी वर केली नाही. ऋजुता हसली. म्हणाली, मामा, टिपणात कारवी आहे, चिठ्ठीवर कारवी आहे, मी खाऱ्या पाण्याकडे कशाला जाऊ? तिचं म्हणणं बरोबरच होतं. चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा, हेच तर आम्ही पोरांना शिकवत होतो.

तिसऱ्या वर्षी ती भाद्रपदाच्या शेवटाला आली तेव्हा मामा निवृत्त होऊन आरोंद्याला भावाकडे राहायला गेले होते. ऋजुताने प्रयोगशाळेत चपला काढल्या आणि पाय स्टुलावर ठेवले. सतत ओल्या बुटांत राहून तळव्यांची सालपटं निघाली होती, बोटांच्या बेचक्या लाल झाल्या होत्या, पोटऱ्यांवर जळवांचे डाग. ती फार थकलेली होती. म्हणाली, मॅडम, आता पुरे. तो आंबोलीतून नाहीसा झाला असं लिहिते आणि संपवते. मार्गदर्शकही तेच म्हणताहेत. मग मला विचारते, शेवटची पानं लिहायची आहेत, बरणी परवापर्यंत ठेवाल ना बाहेर?

त्या रात्री मी मामांना फोन केला. मी फक्त तिचे पाय कसे झालेत ते सांगितलं. मामा सकाळच्या गाडीने येतो म्हणाले.

आले ते खोबरेल तेलात हळद कालवून एका बाटलीत भरून घेऊन आले. बाटली टेबलावर ठेवली. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. ऋजुता उठून उभी राहिली, तिला वाटलं मामा भेटायला आलेत.

"ताई, हा बेडूक आंबोलीचा नाही," मामा म्हणाले. "चिठ्ठी मी खोटी लिहिली. मी आंबोलीक गेलंयच नाय."

पुढचं त्यांनी दोन-चार वाक्यांत सांगितलं. गाडी, आई, केवडा. ऋजुता ऐकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ते कधी बदलेल याची वाट बघत होते. ती रागावली नाही, ओरडली नाही.

"तीन पावसाळे, मामा," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. ती व्हरांड्यातल्या नळापाशी गेली आणि कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

तेवढ्यात मामांनी कानावरची पेन्सिल काढली आणि नवी चिठ्ठी लिहिली. आरोंदा, केवड्याच्या पानाच्या बेचक्यात. मग बरणीचं झाकण उघडून जुनी चिठ्ठी चिमट्याने बाहेर काढायला लागले. ऋजुता ओल्या तोंडाने दारात उभी होती. ती म्हणाली, जुनी चिठ्ठी काढायची नसते, तुम्हाला माहीत आहे. आवाज कोरडा होता. मामांनी चिमटा मागे घेतला आणि नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी सोडली. तारखेपाशी त्यांनी फक्त एवढं सांगितलं की ती दोन्हीकडे एकच आहे आणि खरी आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आरोंद्याला गेलो. बसमध्ये ऋजुता पुढे बसली, मामा मागे, मी मधे. भुरभुर पाऊस होता. तेरेखोलची खाडी भरून आलेली, बांधाच्या दोन्ही बाजूंना गढूळ पाणी. घरामागचं केवड्याचं बन निम्म्याहून अधिक तोडलेलं होतं. सापांचं भय, म्हणून भावाच्या मुलांनी कोयता चालवला होता. उरलं होतं ते बांधाच्या टोकाला, माणसाच्या दीडपट उंचीचं, काटेरी पानांचं गचपण. ऋजुताची बेडूक नेण्याची परवानगी फक्त आंबोलीच्या जंगलापुरती होती, म्हणून इथे तिला नुसतं बघायचं होतं.

मामांनी कुठल्या झाडापासून सुरुवात करायची ते बोटाने दाखवलं आणि बाजूला सरकले. ऋजुता हात खरचटून घेत पानं वाकवत गेली. केवड्याचं पान जिथे खोडाला मिळतं तिथे वाटीसारखी खोबण असते. खाडीचं पाणी खारं, पण त्या खोबणीत पावसाचं गोडं पाणी साचून राहतं. पहिल्या चार झाडांत नुसतं पाणी आणि मुंग्या. पाचव्यात ती थांबली आणि तिने हात वर करून आम्हाला हलू नका अशी खूण केली.

तो पाण्याच्या वर, पानाच्या घळीत मागच्या बाजूने आत शिरून बसला होता. माझ्या अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. रंग ओल्या सुपारीचा, पाठीवर बारीक दाणे, नाकपुडीपासून डोळ्यातून खांद्यापर्यंत गेलेली एक काळी रेघ. डोळे सोनेरी आणि बाहुली आडवी. पोटाची कातडी रव्यासारखी. तिने काडीने पान किंचित हलवलं तसा तो वर सरकला, आणि मांडीच्या आतले दोन पिवळेधमक ठिपके दिसले न दिसले तोच पाय पुन्हा मिटले. त्याच पानावर जरा वर साबुदाण्याच्या खिचडीतल्या दाण्यांसारखी अंडी चिकटलेली होती, प्रत्येक दाण्यात गुंडाळी करून बसलेलं एकेक पिल्लू. हे बेडूक शेपटीचं पिल्लू होऊन पाण्यात वाढत नाहीत, अंड्यातून बेडूकच होऊन निघतात. इतकी वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ऋजुता चिखलात बसली. कॅमेरा काढायचं तिला सुचलं नाही, नुसती बघत होती. मग वही काढली आणि मामांना विचारायला लागली. मामांना प्रश्न संपेपर्यंत थांबवत नव्हतं. कुठल्या महिन्यात आवाज सुरू होतो, किती पानांत एक नर, अंडी किती दिवसांनी फुटतात, भरतीचं पाणी मुळाशी आलं तर तो किती वर चढतो, उन्हाळ्यात कुठे जातो. सगळं सांगत होते, हातांनी उंची दाखवत, तोंडावरचा पाऊस न पुसता. ऋजुता लिहीत होती. एकदाही तिने त्यांच्याकडे वर बघितलं नाही, पण एकही शब्द गाळला नाही.

आरोंद्याचे बेडूक न्यायची नवी परवानगी तिला पुढच्या ज्येष्ठात मिळाली. मामा त्याआधीच फाल्गुनात गेले, झोपेतच. म्हणून बांधावरची ती दुपार हीच माझी त्यांची शेवटची भेट.

वही मिटल्यावर ऋजुताने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. तिने विचारलं, आईला तेव्हा काय झालं होतं?

"काय नाय. सादो ताप," मामा म्हणाले. "तिसऱ्या दिवशी उठान तिनाच माका पेज वाढल्यान."

"आणि सरांकडे रजा मागितली असती तर?"

मामा तळव्यात घुसलेला केवड्याचा काटा नखाने काढत होते.

"दिल्यानी असती. मोठे सर बरे होते. माझ्या लग्नाक हंय इल्ले, जेवन गेले." त्यांनी काटा पाण्यात टाकला. "मी मागूकच नाय."

तीनच्या गाडीची वेळ झाली होती. आम्ही बांधावरून चालत रस्त्याला लागलो. मामा पोचवायला आले नाहीत. मी वळून पाहिलं तेव्हा ते घोटाभर चिखलात तिथेच उभे होते, आमच्याकडे पाठ करून.